दगडी पूल

नाशिक शहरातील द्वारका हा चौक सदैव गजबजलेला असतो. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग आणि पुण्याहून येणारा महामार्ग ह्या ठिकाणी एकमेकांना मिळतात. येथून धुळ्याच्या दिशेने निघालेली गाडी थोड्याच वेळात गोदावरीच्या काठी येते आणि पापणी लवते न लवते तोच कन्नमवार पुलावरून पलीकडे पोहोचते. गाडीतील उतारूंपैकी कुणी झोपलेला असतो, कुणी बोलण्यात गुंतलेला असतो. आपण एक मोठी नदी ओलांडली, हे त्यांतील कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. पुलाचा मोठेपणा ह्यातच आहे. जो पूल आपले काम उत्तम करतो, त्याची आठवण कुणालाही होत नाही.

परंतु नदी ओलांडणे पूर्वी इतके सोपे नव्हते. उन्हाळ्यात पात्रातील उतार शोधून माणसे व जनावरे पाण्यातून चालत जात. पावसाळा लागला की नावाड्यावाचून गती नसे आणि नदी दुथडी भरून वाहू लागली की नावही काठाला बांधून ठेवावी लागे. मग ऐलतीरावरचा माणूस ऐलतीरावर आणि पैलतीरावरचा पैलतीरावर! आजाऱ्याला वैद्याकडे नेता येत नसे, टपाल अडून पडे, बाजाराला निघालेला शेतकरी माल घेऊन परत फिरे. आपल्या भाषेत कार्य सिद्धीस गेले म्हणजे ते ‘पार पडले’ असे आपण म्हणतो. संकटातून सुटलेला मनुष्य ‘तरून गेला’ असे म्हणतो. नदी पार करणे ही आपल्या पूर्वजांच्या आयुष्यातील केवढी मोठी गोष्ट होती, हे अशा शब्दांवरून समजते.

द्वारकेजवळच्या ह्या पुलापासून प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे रामकुंडाच्या बाजूला गेले, की रामकुंडाच्या वरच्या अंगाला गोदावरीवर एक जुना दगडी पूल दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला. आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता ह्याच पुलावरून पंचवटीकडे जात असे. त्या वेळी त्याला व्हिक्टोरिया राणीचे नाव देण्यात आले होते. आज तो अहिल्यादेवी होळकर पूल ह्या नावाने ओळखला जातो. हे नाव मोठे समर्पक आहे. अहिल्यादेवींनी १७६७ ते १७९५ ह्या काळात माळव्याचा राज्यकारभार पाहिला आणि देशभर घाट, विहिरी, मंदिरे व धर्मशाळा बांधून प्रवाशांची व यात्रेकरूंची सोय केली. ह्या पुलावरून जाणारा जुना रस्ता पुढे त्यांच्याच माळव्यात शिरतो.

नाशिककरांना हा पूल आणखी एका कारणासाठी परिचित आहे. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, की होळकर पुलाखालून किती पाणी वाहत आहे ह्याची मोजणी होते आणि ते आकडे गावाला कळवले जातात. हे मोजमाप क्युसेक ह्या परिमाणात सांगतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी. मोठ्या दोन घागरींत मावेल एवढे पाणी एका सेकंदात पुढे गेले, तर तो एक क्युसेक झाला. पुराच्या दिवसांत हेच आकडे हजारांच्या घरात जातात. मग दर सेकंदाला पुलाच्या खांबांवर किती घागरी पाणी आदळत असेल, ह्याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

गावाची जुनी मोजपट्टी मात्र निराळी आहे. रामकुंडाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा शब्दांत जुने नाशिककर पुराची बातमी एकमेकांना सांगतात. १९६९ चा महापूर अनेक घरांत अजून आठवला जातो. त्यानंतर २००८, २०१६ आणि २०१९ ह्या वर्षीही गोदावरीने मोठे पूर पाहिले. ह्या सर्व पुरांत होळकर पुलाच्या दगडी खांबांनी नदीचा मारा सोसला आहे.

येथे एक प्रश्न मनात येतो. ह्या पुलाचे दगड एकमेकांना कशाने धरून ठेवले आहेत? वरून गाड्यांचा भार, खालून पाण्याचा जोर, आणि मध्ये अधांतरी भासणारे दगड! ते खाली कसे पडत नाहीत?

ह्याचे उत्तर कमानीत आहे. दगडाचा एक स्वभाव असा, की तो दाब फार मोठा सोसतो. पण ताण त्याला मुळीच सोसत नाही. दगडाची एक लांब लाद दोन टोकांवर ठेवून मध्यभागी भार दिला, तर लाद किंचित वाकू लागते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. ताण सहन न झाल्याने दगडाला खालून चीर पडते आणि लाद मोडते. म्हणून सपाट लाद टाकून लहानसा ओढा ओलांडता येईल. परंतु रुंद नदी ओलांडता येणार नाही.

कमानीत दगडावर ताण येऊच दिला जात नाही. कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो, म्हणजे त्याची वरची बाजू रुंद आणि खालची बाजू अरुंद असते. असे दगड अर्धवर्तुळात एकाशेजारी एक बसवले, की प्रत्येक दगड खाली घसरू पाहतो. पण शेजारचे दोन दगड त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. वरून जितका भार पडेल तितके दगड एकमेकांवर अधिक घट्ट बसतात. हा भार एका दगडाकडून दुसऱ्याकडे सरकत सरकत खांबांत उतरतो आणि खांबांतून पायाखालच्या खडकाकडे जातो. दोन मित्रांनी समोरासमोर उभे राहून हातांचे तळवे एकमेकांना टेकवावेत आणि थोडे पुढे झुकावे. एकटा झुकला असता तर तो पडला असता. परंतु दोघेही एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. मात्र त्यांची पावले मागे घसरता कामा नयेत. कमानीचेही तसेच आहे. तिचे पाय जोवर स्थिर आहेत तोवर ती उभी आहे. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचेच महत्त्व आपल्याला पटणार आहे.

कमान बांधताना गवंडी प्रथम तिच्या आकाराचा भक्कम लाकडी साचा उभारतात. मग दोन्ही बाजूंच्या खांबांपासून आरंभ करून एकेक दगड साच्यावर रचत ते वर येतात. दोन्ही बाजू माथ्याशी भेटतात तेथे एका दगडापुरती जागा उरते. त्या जागेत शेवटचा दगड ठोकून बसवतात. त्याला कळीचा दगड म्हणतात. तो बसला की कमान पुरी झाली. नंतर खालचा साचा हलकेच सैल करून काढून घेतात. इतका वेळ लाकडाच्या आधाराने असलेली कमान आता स्वतःच्याच भाराने स्वतः उभी राहते. त्या क्षणी गवंड्यांच्या मनाची काय अवस्था होत असेल! त्यांच्या साऱ्या श्रमांची परीक्षा त्या एका क्षणी होत असे.

ह्या कामासाठी आपल्या महाराष्ट्राइतका चांगला दगड क्वचितच मिळेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील तप्त रस येथील भूमीवर थरावर थर पसरला आणि थंड होऊन त्याचा काळा कातळ बनला. सह्याद्रीचे कडे ह्याच कातळाचे आहेत, आपले गडकोट ह्याच कातळाचे आहेत, आणि जुने पूलही बहुधा ह्याचेच. पाथरवट छिन्नी व हातोडा घेऊन खाणीतला ओबडधोबड दगड घडवत. ओळंबा लावून गवंडी भिंतीचा सरळपणा तपासत, गुण्या लावून कोपरा पाहत. दगडांच्या सांध्यांत चुना भरत. हा चुना तयार करणे हेही मोठे कष्टाचे काम होते. चुनखडी भट्टीत भाजावी, पाणी घालून विरवावी, मग वाळूसह बैलांच्या घाणीत कितीतरी वेळ मळावी, तेव्हा कुठे चिकट व एकजीव चुना हाती येई. हा चुना हवेतील कार्बन वायू शोषून वर्षानुवर्षे हळूहळू कठीण होत जातो.

आता आपण नाशिकहून दक्षिणेकडे, सातारा जिल्ह्यात जाऊ. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार नावाचे एक लहानसे गाव आहे. रामवरदायिनी देवीचे स्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. ह्या गावाजवळ कोयना नदीवर जो दगडी पूल आहे, तो नाशिकच्या पुलाहून दोनशे वर्षांहून अधिक जुना आहे. तो शिवकालीन पूल म्हणून ओळखला जातो. मोठ्या शहरातला नव्हे, राजमार्गावरचा नव्हे. डोंगरातल्या एका खेड्याचा हा पूल!

येथे पूल कशासाठी हवा होता, हे कळण्यासाठी नकाशा समोर ठेवला पाहिजे. सह्याद्रीच्या पश्चिमेस कोकण आणि पूर्वेस देश. ह्या दोहोंना जोडणाऱ्या ज्या थोड्या घाटवाटा होत्या, त्यांत पारघाटाची वाट महत्त्वाची होती. कोकणातला माल घेऊन बैलांचे तांडे ह्या वाटेने वर येत आणि देशावरचे धान्य घेऊन खाली जात. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि ह्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी प्रतापगड बांधवला. तीनच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, ह्याच गडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा पराभव झाला. खानाच्या सैन्याचा तळ पारच्या परिसरात, कोयनेच्या काठी पडला होता. पुढे रायगड राजधानी झाल्यावर कोकण आणि देश ह्यांना जोडणाऱ्या अशा वाटांचे महत्त्व आणखीच वाढले. गड बांधणे हे राजाचे काम खरेच. परंतु वाट बांधणे हेही राजाचेच काम आहे. गडामुळे राज्याचे रक्षण होते, तर वाटेमुळे राज्य नांदते.

पारच्या पुलाला चार खांब आणि पाच कमानी आहेत. त्याची लांबी सुमारे पन्नास मीटर आहे. काळ्या घडीव दगडांचे हे बांधकाम दुरून साधे दिसते. त्यावर नक्षी नाही, शिल्पांची गर्दी नाही. परंतु खांबांकडे नीट पाहिले, की बांधणाऱ्यांची बुद्धी दिसू लागते. ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूला प्रत्येक खांबाला त्रिकोणी टोक काढलेले आहे. नावेचे तोंड निमुळते असते, तसेच हे टोक. सपाट भिंतीवर पाणी आदळले, तर त्याचा सारा जोर भिंतीला सोसावा लागतो. निमुळत्या टोकावर आले, की पाणी दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी सरळ कमानींखाली निघून जाते. पुरात वाहून येणारे ओंडकेही खांबाला अडकून न राहता वळण घेऊन पुढे सरकतात. नदीशी भांडायचे नाही, तिला वाट करून द्यायची, हे ह्या बांधणीचे तत्त्व आहे.

ज्या ठिकाणी हा पूल उभा आहे, तेथील पावसाचाही विचार केला पाहिजे. कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात ह्या डोंगरांवरून जे पाणी धावत येते, त्याचा वेग पाहून भीती वाटावी. अशा पाण्यात साडेतीनशेच्या आसपास पावसाळे ह्या पुलाने काढले आहेत. इंग्रजी अमदानीत आंबेनळीच्या घाटातून गाडीरस्ता झाला आणि पारघाटाची जुनी वाट मागे पडली. तरीही ह्या पुलाचे काम संपले नाही. डोंगरातल्या माणसांना कोयनेच्या पलीकडे नेण्याचे काम तो करीतच राहिला.

दूरदेशीही अशाच विचाराने बांधलेले पूल आहेत. चीनमध्ये चाओचौ येथे ली छुन नावाच्या कारागिराने इसवी सन ६०५ च्या सुमारास एक दगडी पूल बांधला. सदतीस मीटरांहून अधिक रुंदीचा प्रवाह तो एकाच कमानीने ओलांडतो. त्या मोठ्या कमानीच्या खांद्यांवर ली छुनने दोन्ही बाजूंना लहान लहान कमानी मोकळ्या ठेवल्या. त्यामुळे पुलाचे ओझे कमी झाले, आणि पुराचे पाणी फार वर चढले तर त्यालाही निघून जाण्यास वाट मिळाली. पारचे कारागीर आणि चीनचे कारागीर ह्यांच्यात हजार वर्षांचे अंतर. एकाची भाषा दुसऱ्याला समजण्याजोगी नव्हती. परंतु पाण्याची भाषा सर्वत्र एकच असते आणि ती दोघांनाही समजली होती.

आता एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. महाबळेश्वरच्या ज्या डोंगरात कोयना उगम पावते, त्याच डोंगरातून सावित्री नदीही निघते. कोयना पूर्वेच्या अंगाने जाऊन कऱ्हाडला कृष्णेस मिळते. सावित्री पश्चिमेकडे उतरून पोलादपूर व महाड ह्या गावांवरून समुद्राकडे जाते. महाडजवळ ह्या सावित्रीवर, मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या महामार्गावर, १९२८ साली बांधलेला एक दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, सावित्रीला मोठा पूर आला असताना, त्या पुलाचा मोठा भाग कोसळून वाहून गेला. अंधार होता, पाऊस कोसळत होता. पुढे रस्ता नाही हे चालकांना दिसणे शक्यच नव्हते. एस.टी.च्या दोन गाड्या आणि अन्य वाहने प्रवाशांसह पुरात पडली. अनेक कुटुंबांवर दुःखाचा डोंगर कोसळला. जवळच्या वाहनदुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाला पूल नाहीसा झाल्याचे प्रथम कळले. त्याने त्या पावसात येणाऱ्या वाहनांना ओरडून सावध केले आणि थांबवले. त्याच्या प्रसंगावधानाने आणखी किती जीव वाचले असतील, हे कोण सांगू शकेल? त्याच दिवशी नाशिकला गोदावरीही पुराने फुगली होती.

पारचा पूल राहिला आणि महाडचा गेला, म्हणून जुने ते सारे चांगले आणि नंतरचे ते वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पारजवळची कोयना उगमापासून फार दूर गेलेली नाही. महाडजवळची सावित्री कित्येक ओढे-नाले पोटात घेऊन रुंद झालेली आहे. पारच्या पुलाने बैल, घोडे आणि माणसे ह्यांचा भार शतकानुशतके वाहिला. महाडच्या पुलावरून महामार्गाची अवजड वाहने अहोरात्र धावत होती. म्हणून पूल जुना की नवा, ह्यापेक्षा निराळा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचा पाया आज कसा आहे?

हा प्रश्न सोपा नाही; कारण पुलाचा पाया पाण्याखाली असतो. पुराचे पाणी खांबाशी आले, की तेथे भोवरे उठतात. हे भोवरे खांबाच्या मुळाशी असलेली वाळू व माती उकरून काढतात आणि तेथे खळगा पडतो. पूर फार मोठा असेल, तर हा खळगा पायाच्याही खाली जातो. पुढे पूर ओसरू लागला की पाण्याचा वेग मंदावतो आणि सोबत आणलेला गाळ त्याच खळग्यात बसतो. पाणी निवळल्यावर काठावरून पाहणाऱ्याला नदीचा तळ पूर्वीसारखाच सपाट दिसतो. पायाखालचा जुना घट्ट थर गेला आणि त्याच्या जागी मऊ गाळ आला, हे त्याला कसे समजावे? दोन मित्र तळवे टेकवून उभे असताना त्यांची पावले घसरली तर काय होईल, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कमान कितीही सुबक असो, तिचे पाऊल घसरले की ती उभी राहू शकत नाही. म्हणून जाणते कारागीर खांबाचा पाया शक्य तेथे कातळावरच घेत.

ह्यासाठी पूल केवळ बांधून चालत नाही. तो जपावा लागतो. पाण्यात उतरून पायाची तपासणी करावी लागते. सांध्यांतील चुना झिजला असेल तर दरजा पुन्हा भराव्या लागतात. पुलावरील पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावी लागतात. नाहीतर साचलेले पाणी बांधकामात मुरते. पक्ष्यांनी टाकलेल्या बीजातून दगडांच्या फटीत वड-पिंपळाची रोपे उगवतात. ती दिसायला कोवळी व गोजिरी असतात. परंतु त्यांची मुळे जाड होत जातात आणि पाचर ठोकल्याप्रमाणे दगड एकमेकांपासून दूर सारतात. रोप लहान असताना दोन बोटांनी उपटता येते. झाड मोठे झाल्यावर ते काढताना भिंतही ढासळते. पुलाजवळच्या पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा केला, तर जे काम पूर करतो तेच काम माणूस आपल्या हाताने करतो.

महाडच्या दुर्घटनेनंतर राज्यातील जुन्या पुलांची तपासणी करण्यात आली. महाडला सावित्रीवर नवा पूल झपाट्याने बांधून २०१७ च्या जून महिन्यात, पुढचा पावसाळा ऐन भरात येण्यापूर्वी, वाहतुकीस खुला करण्यात आला. नवा पूल झाला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या रात्री जे गेले ते परत आले नाहीत. पुलाची निगा ही केवळ दगडांची निगा नाही. ती त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या प्राणांची निगा आहे.

आपल्या महाराष्ट्रात नद्यांवर व ओढ्यांवर असे अनेक जुने दगडी पूल आहेत. काहींवरून अजून रहदारी चालते. काहींच्या शेजारी नवे पूल झाल्यामुळे ते एकाकी पडले आहेत. त्यांतील बहुतेकांवर बांधणाऱ्यांची नावे नाहीत. कळीचा दगड कुणी बसवला, चुना कुणी मळला, गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून पाया कुणी खणला, ह्याची नोंद कुठेही सापडत नाही. त्यांनी आपल्याला पाहिले नव्हते, आपण त्यांना पाहिले नाही. तरी त्यांनी आपल्यासाठी वाट करून ठेवली.

ह्या ऋणाची थोडीतरी फेड आपल्या हाती आहे. तुमच्या गावाजवळ असा पूल असेल, तर उन्हाळ्यात पाणी कमी असताना वडीलधाऱ्या माणसांबरोबर जाऊन तो काठावरून नीट पाहा. कमानी किती आहेत ते मोजा. पाणी कोणत्या बाजूने येते आणि खांबाचे निमुळते टोक कोणत्या बाजूला आहे, ते ओळखा. फटीत झाड रुजले आहे का, दगड निखळला आहे का, पाया उघडा पडला आहे का, ते पाहा. आणि तसे काही दिसले, तर आपल्या शिक्षकांना, ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला कळवा. पुराचे पाणी पुलावरून वाहत असेल, तेव्हा मात्र तो ओलांडण्याचे धाडस कधीही करू नका. पलीकडचे काम कितीही निकडीचे असो, नदी ओसरेपर्यंत थांबणे ह्यातच शहाणपण आहे.

पूल बांधणारे हात केव्हाच गेले. आता तो जपणारे डोळे हवेत, आणि ते तुमचे असू शकतात.